डाळिंबाच्या बागा, चार स्रोतांचा डेटा: क्लस्टरिंग एकत्र करावं की वेगवेगळं?

सीनाकाठ
सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर आणि मोहोळ तालुक्यांतल्या सहाशेच्या आसपास डाळिंब बागांचं क्लस्टरिंग करायचं आहे, म्हणजे सारख्या बागांचे गट पाडायचे आहेत. हेतू दोन: प्रत्येक क्लस्टरला पाणी-खताचा वेगळा सल्ला देता यावा, आणि तेल्या रोगाची पाहणी आधी कुठे करायची ते ठरावं. डेटा असा आहे:

उपग्रह: सेंटिनेल-२ चा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक), दर दहा दिवसांना एक आकडा, दोन वर्षांचे ७२ कॉलम.
माती: मृद आरोग्य पत्रिकेतले १२ घटक.
हवामान: महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचे पाऊस, कमाल-किमान तापमान आणि आर्द्रता, महिन्यावारी ४८ कॉलम.
बागेची नोंदवही: झाडांचं वय, वाण, लागवडीचं अंतर, ठिबक, बहार, पानगळीची तारीख वगैरे ८ कॉलम.

सगळे कॉलम शेजारी शेजारी लावले, प्रत्येकाची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ केलं आणि के-मीन्स (के गट पाडणारी नेहमीची पद्धत) चालवलं, के = ५. सिल्हूट (गट किती सुटे पडले त्याचा आकडा) चांगला येतो, पण नकाशावर रंग टाकले की चक्क तालुक्यांचा नकाशा दिसतो. आता सिमिलॅरिटी नेटवर्क फ्यूजन (प्रत्येक स्रोतातल्या साम्यांची जाळी एकत्र करणारी पद्धत) घ्यावं, की अनेक स्रोतांचं स्पेक्ट्रल क्लस्टरिंग (साम्याच्या जाळ्यावरून गट पाडणारं)?

मालदांडी
पद्धत बदलण्याआधी तालुके का उमटले ते बघा, नाहीतर नव्या पद्धतीतूनही तेच बाहेर पडेल.

तुमचे एकूण कॉलम १४०. प्रमाणित केल्यावर प्रत्येक कॉलमचं वजन सारखं, म्हणजे दोन बागांमधल्या अंतराच्या वर्गात (स्क्वेअर) हवामानाचा वाटा ४८/१४०, साधारण ३४ टक्के. मातीचा जेमतेम साडेआठ टक्के. हे कुणी ठरवून दिलेलं वजन नाही. पाऊस महिन्यावारी न घेता वर्षाचा एकच घेतला असता तर क्लस्टर बदलले असते. शिवाय एका मंडळातल्या सगळ्या बागांना हवामानाचे ४८ च्या ४८ आकडे हुबेहूब एकच आहेत. के-मीन्सला असे आयते घट्ट ठिपके मिळाले की तो ते सोडत नाही. सिल्हूट चांगला येण्याचंही कारण हेच.

पहिला उपाय म्हणजे स्रोतानुसार वजन. प्रत्येक स्रोताचे कॉलम प्रमाणित करून त्या स्रोताच्या कॉलमसंख्येच्या वर्गमुळाने भागा. ७२ कॉलमांना सुमारे ८.५ ने, १२ ना ३.५ ने. मग प्रत्येक स्रोताचं एकूण विचलन (व्हेरिअन्स) १ होतं.

पण मी इथेही थांबणार नाही. एनडीव्हीआयचे ७२ कॉलम एकमेकांशी घट्ट बांधलेले असतात, त्यांचं जवळपास सगळं विचलन दोन-तीन दिशांत गोळा होतं. मातीचे १२ घटक त्या मानाने विखुरलेले. वर्गमुळाने भागलं तरी उपग्रहाची पहिली दिशा मातीच्या कुठल्याही दिशेपेक्षा मोठीच राहते. म्हणून मल्टिपल फॅक्टर ॲनालिसिसमध्ये करतात तसं करा: प्रत्येक स्रोताचं मॅट्रिक्स त्याच्या पहिल्या सिंग्युलर व्हॅल्यूने, म्हणजे त्याच्या सर्वांत मोठ्या दिशेच्या आकाराने, भागायचं, मग जोडायचं. म्हणजे कुठल्याच स्रोताला एकट्याच्या जोरावर पहिला अक्ष ठरवता येत नाही. पायथनमध्ये दोन ओळींचं काम आहे.

टकळी
हवामानाबद्दल सहमत, पण वजन कमी करून भागणार नाही. तो स्रोत क्लस्टरिंगमधून काढूनच टाका.

सिमिलॅरिटी नेटवर्क फ्यूजन (वांग आणि सहकारी, २०१४) या डेटावर नेमकं कुठे अडकतं ते सांगतो. दोन बागांमधलं साम्य घातांकी कर्नेलने, म्हणजे अंतर वाढेल तसं झपाट्याने घटणाऱ्या सूत्राने, काढतात. कर्नेलची रुंदी तीन गोष्टींच्या सरासरीवर ठरते: पहिल्या बागेचं तिच्या जवळच्या के शेजाऱ्यांपासूनचं सरासरी अंतर (हा के शेजाऱ्यांचा, क्लस्टरांचा नाही), दुसऱ्या बागेचं तसंच, आणि त्या दोघींमधलं अंतर. समजा एका मंडळात ४० बागा आहेत आणि के = २०. हवामानाच्या हिशेबाने जवळचे वीसही शेजारी शून्य अंतरावर. तिन्ही आकडे शून्य, रुंदी शून्य, शून्याला शून्याने भागाकार. बहुतेक पॅकेजं तिथे एक अतिसूक्ष्म संख्या मिळवून वेळ मारून नेतात, त्यामुळे एरर येत नाही आणि कळतही नाही.

पुढे आणखी वाईट. शून्य अंतरावर ३९ उमेदवार आणि निवडायचे २०, तर कोणते निवडले जातात? सॉर्टिंगमध्ये जे आधी आले ते. म्हणजे तुमच्या फाइलमधल्या ओळींच्या क्रमावर उत्तर ठरतं. ओळी पिसून परत चालवा. क्लस्टर बदलले तर दुखणं हेच.

मग फ्यूजनच्या प्रत्येक फेरीत एका स्रोताच्या शेजारांतून बाकी स्रोतांचं सरासरी साम्य फिरवलं जातं. हवामानाच्या जाळ्यात मंडळाबाहेर दुवाच नसल्याने तिथे मंडळाची सरासरी तयार होते, आणि पुढच्या फेरीला ती उपग्रहाच्या आणि मातीच्या जाळ्यात शिरते. दहा-वीस फेऱ्यांनंतर सगळीकडे मंडळंच मंडळं.

मंडळाचं हवामान हा मंडळाचा गुण आहे, बागेचा नाही. क्लस्टर ठरल्यावर ते शेजारी मांडून बघा. उपग्रहाची ग्रिडवाली पर्जन्य माहिती घेतली तरी फार फरक नाही. चर्प्स या पर्जन्य संचाचा चौकोन ०.०५ अंशाचा, म्हणजे बाजू साधारण साडेपाच किलोमीटर. त्यातही आख्खं गाव एकाच आकड्यात बसतं.

सीनाकाठ
ओळी पिसून पाहिल्या. बदलतात. हवामान काढलं. मातीत पण असंच काही असेल का?

टकळी
असणारच. मृद आरोग्य पत्रिकेचा नमुना बागेगणिक नसतो. बागायतीत २.५ हेक्टरला एक आणि कोरडवाहूत १० हेक्टरला एक, असा योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत ग्रिडचा हिशेब होता. २.५ हेक्टर म्हणजे सहा एकरांच्या वर. दीड-दोन एकरांच्या तीन-चार बागा एकाच नमुन्यावर चालतात. नमुना घेताना ती जमीन ज्वारीची कोरडवाहू म्हणून धरली असेल आणि डाळिंब नंतर लागलं असेल, तर पंचवीस एकरांना एकच आकडा.

आधी एकमेव ओळी किती ते मोजा. १२ ही घटक तंतोतंत जुळणाऱ्या बागा एका नमुन्याच्या धरा. मग क्लस्टरिंग नमुन्यांचं करा, बागांचं नाही, आणि नमुन्याला मिळालेलं लेबल त्याच्या सगळ्या बागांना द्या. आकड्यांत थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळून ओळी वेगळ्या करायचा सल्ला काही ठिकाणी दिसतो. त्याने एरर जाते, माहिती वाढत नाही.

काळी_माती
मातीच्या कॉलमांबद्दल थोडं.

स्फुरद, जस्त, लोह हे उजवीकडे लांब शेपूट असलेले घटक. लॉग घ्या, मग प्रमाणित करा. जस्त किंवा बोरॉन ० लिहिलेलं असेल तर ते खरं शून्य नसतं, उपकरणाला पकडता आलं नाही इतकंच. तिथे त्या घटकाच्या सर्वांत लहान शून्येतर आकड्याचा निम्मा घाला. नत्र आणि सेंद्रिय कर्ब यांचा सहसंबंध काढून बघा. १ च्या अगदी जवळ आला तर नत्र स्वतंत्र मोजलेलं नाही, कर्बावरून काढलंय. दोन्हीपैकी एक कॉलम उडवा, नाहीतर कर्बाला दुप्पट वजन मिळतं. सामू (पीएच) तसाच ठेवा, तो मुळात लॉगच आहे.

आणि डाळिंबाला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पत्रिकेत नाहीच: मातीची खोली. वीतभर मातीखाली मुरूम की तीन फूट काळी, यावर पाणी तोडल्यावर झाडाला ताण किती दिवसांत बसतो ते ठरतं. नोंदवहीत ‘हलकी, मध्यम, भारी’ एवढं जरी असेल तरी मातीच्या स्रोतात तो कॉलम पाहिजे. बारा आकड्यांपेक्षा तो एक जास्त बोलेल.

गटवारी
कुणी जोडणीबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. बाग स्रोतांमध्ये जुळवली कशी? गावाच्या नावावर आणि गट नंबरवर जुळवली असेल तर थांबा. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत सापडतात, आणि ‘खुर्द-बुद्रुक’ अर्ध्या फाइलींत गाळलेलं असतं. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी यादीतला गाव कोड लावा. गट नंबर ११२/१/अ, ११२-१अ, ११२/१A असे तीन तऱ्हांनी येतात. आधी अंक, पोटहिस्सा आणि अक्षर असे तीन कॉलम पाडा, मराठी-इंग्रजी अंक-अक्षरं एकसारखी करा, मग जोडा. एका गटात दोन भावांच्या दोन बागा असतील तर गट नंबरवरून त्या वेगळ्या होणारच नाहीत. तिथे बागेची हद्द नकाशावर काढण्याला पर्याय नाही.

चुकीची जुळलेली जोडी नुसता गोंधळ वाढवून थांबत नाही. ती एका बागेची माती दुसऱ्या बागेच्या उपग्रहाला चिकटवते, मग स्रोत एकमेकांशी सहमत नाहीत असं दिसतं. पुढे कुणी तरी ‘स्रोतांत मेळ नाही’ असा निष्कर्ष काढणार असेल तर आधी जोडणीतून वीस-तीस बागा हाताने तपासा.

भुईकोट
उपग्रहाचा स्रोत सगळ्यात श्रीमंत, आणि सगळ्यात फसवा तोच. जरा सविस्तर लिहितो.

पहिली तपासणी आकड्यांचीच. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि मूल्यांत १००० ची भर आली. परावर्तन १०,००० ने गुणून साठवतात, म्हणून ही भर ०.१ ची. ती वजा केली नाही तर काय होतं बघा: तांबडा पट्टा ०.०६, जवळचा अवरक्त ०.३०, एनडीव्हीआय ०.६७. दोन्हींत ०.१ जास्तीचा राहिला की ०.१६ आणि ०.४०, एनडीव्हीआय ०.४३. हिरवीगार बाग एका रात्रीत वाळली. नुसत्या तारखेवर जाऊ नका, कारण जुनी चित्रंही नव्याने प्रक्रिया होऊन या भरीसह मिळतात. चित्राच्या मेटाडेटात ऑफसेट (हीच भर) बघा, किंवा गूगल अर्थ इंजिनवरचा ‘हार्मोनाइज्ड’ संच घ्या.

दुसरं, कडा. एक एकराची चौकोनी बाग म्हणजे बाजू ६४ मीटर, १० मीटरचे ४० पिक्सेल. कडेच्या पिक्सेलमध्ये बांधावरची झाडं, शेजारचा ऊस सगळं येतं, म्हणून हद्द १० मीटर आत घ्यायची. बाजू उरली ४४ मीटर, पिक्सेल १९. एवढ्यांची मध्यका चालते. अर्ध्या एकरात सहा-सात पिक्सेल उरतात, आणि बाग लांबट पट्टीची असेल तर एकही नाही. अशा बागा उपग्रहाच्या स्रोतात ‘माहिती नाही’ म्हणून धरा. ढग काढताना वर्गीकरण थरातले (चित्राबरोबर येणारा, प्रत्येक पिक्सेलचा प्रकार सांगणारा थर) ३, ८, ९, १० हे चारही वर्ग काढा. ३ म्हणजे ढगाची सावली, ती बरेच जण विसरतात.

तिसरं, आणि खरं, म्हणजे बहार, फुलं धरायचा हंगाम. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग जून-जुलैत, हस्त सप्टेंबर-ऑक्टोबरात. प्रत्येकाआधी पाणी तोडून ताण, मग इथ्रेल मारून पानगळ. एनडीव्हीआय तिथे खड्ड्यात जातो आणि नव्या पालवीबरोबर वर येतो. कॅलेंडरच्या तारखांवर ७२ कॉलम क्लस्टर केले की तीन क्लस्टर पडतात, तीन बहारांचे. ते नोंदवहीत आधीच लिहिलंय, त्याला मशीन कशाला?

त्यामुळे रेषा पानगळीवर जुळवा. नोंदवहीतल्या पानगळीच्या तारखेच्या मागे-पुढे ४५ दिवसांत सर्वांत खालचा बिंदू शोधा, तो दिवस शून्य. उणे ३० ते अधिक १८० दिवस घ्या, दर दहा दिवसांनी, २२ आकडे. मृगाच्या बागांत हा खड्डा नेमका ढगांच्या दिवसांत येतो. तिथे चित्रं नसतील तर खालचा बिंदू शोधू नका, नोंदवहीची तारीखच शून्य धरा. दोन ढगांमधल्या जागेत सरळ रेष ओढून मिळालेला ‘खड्डा’ खोटा असतो.

२२ आकड्यांऐवजी मी पाचच ठेवीन: खड्ड्याची खोली, निम्म्या उंचीला यायला लागलेले दिवस, शिखर, शंभराव्या ते दीडशेव्या दिवसातली घसरण, आणि दोन वर्षांतला फरक. यातला प्रत्येक आकडा कृषी सहायकाला समजावून सांगता येतो.

खड्डा उथळ म्हणजे पानगळ नीट झाली नाही असं लगेच म्हणू नका. ४.५ बाय ३ मीटरच्या लागवडीत एका पिक्सेलमध्ये साधारण सात झाडं बसतात, बाकी ओळींमधली जमीन. तिथे गवत किंवा आंतरपीक असेल तर झाडं उघडी पडली तरी पिक्सेल हिरवाच. कमी वयाच्या बागांत हे जास्त, म्हणून तीन वर्षांखालच्या बागा वेगळ्या काढून त्यांचं क्लस्टरिंग वेगळंच करा.

कोरा_कागद
एवढं हाताने निवडण्यापेक्षा डीप मल्टी-व्ह्यू क्लस्टरिंग का नाही? प्रत्येक स्रोताला एक ऑटोएन्कोडर (डेटा थोड्या आकड्यांत दाबून बसवणारं न्यूरल नेटवर्क), मधला थर सामाईक.

मालदांडी
सहाशे ओळी आहेत, त्यातही माती कदाचित दोनशे नमुन्यांची. नेटवर्क सुरुवातीच्या प्रत्येक यादृच्छिक बीजाला वेगळं उत्तर देईल आणि त्यातलं कोणतं धरायचं ते ठरवायला लेबलं नाहीत. हजारो-लाखो चित्रं असतील तेव्हा बोलू.

भुईकोट
आता मूळ प्रश्न, एकत्र की वेगवेगळं. बहुस्रोत क्लस्टरिंगच्या जवळपास सगळ्या पद्धतींमागे एक गृहीतक आहे: सगळ्या स्रोतांच्या पोटात क्लस्टरांची रचना एकच असते आणि प्रत्येक स्रोत ती आपापल्या परीने, गोंगाटासह दाखवतो. बिकल आणि शेफर यांच्या २००४ च्या कामापासून कुमार, राय आणि डॉमे यांच्या २०११ च्या को-रेग्युलराइज्ड स्पेक्ट्रलपर्यंत हेच. ते गृहीतक खरं असेल तर जोडण्याचा फायदा होतो, एका स्रोतातला गोंगाट दुसऱ्याने कापला जातो. खोटं असेल तर पद्धत तक्रार करत नाही. मधलंच काही तरी देते, जे मातीलाही धरून नसतं आणि झाडालाही.

म्हणून आधी प्रत्येक स्रोताचे क्लस्टर वेगळे काढा आणि जोडीजोडीने ॲडजस्टेड रँड इंडेक्स काढा. पूर्ण मेळ १, योगायोगाइतकाच मेळ असेल तर ०. एकाच के वर विसंबू नका, २ ते ८ सगळे के घेऊन तक्ता करा. ०.१ च्या आसपास घुटमळत असेल तर लेबलं हजार वेळा पिसून बघा, योगायोगाने किती येतो ते कळेल. आणि मालदांडींच्या पद्धतीने जोडलेल्या डेटाच्या क्लस्टरांचा प्रत्येक स्रोताशी किती मेळ आहे तेही काढा. एकाशी ०.९ आणि बाकीच्यांशी शून्य असेल तर ‘एकत्र’ हे नावापुरतं आहे.

माती आणि पानगळीनंतरची वाढ यांत थोडाफार मेळ मिळेल असा अंदाज, हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो म्हणून. पण बागायतदाराचं पाणी आणि खत हा फरक बराच पुसून टाकतं. मेळ नसणं ही चूक नसून माहिती आहे: माती चांगली आणि झाड मागे, अशा बागांकडेच तर आधी जायचंय.

सीनाकाठ
मग मेळ कमी आला तर जोडायचंच नाही?

भुईकोट
नाही जोडायचं. मातीचे तीन, उपग्रहाचे तीन, असे दोन लेबलांचे नऊ कप्पे करा. सहाशेला सरासरी ६६-६७ बागा. वीसच्या आत असलेला कप्पा शेजारच्यात मिसळा. सल्ला कप्प्यावर द्या. शेतकऱ्याला ‘माती अशी, वाढ अशी’ म्हणून सांगता येतं.

टकळी
थोडा असहमत. मेळ मधला, समजा ०.२ ते ०.५, असेल तर जोडण्यातच शहाणपण आहे, कारण दोन्ही कमकुवत स्रोत एकाच दिशेला बोट दाखवतायत. तिथे को-रेग्युलराइज्ड स्पेक्ट्रल घ्या, पायथनच्या एमव्हीलर्न पॅकेजमध्ये तयार आहे. लॅम्डा, म्हणजे स्रोतांच्या एकमताला दिलेलं वजन, ०.०१ पासून ०.१ पर्यंत चालवून बघा. मोठा ठेवला तर स्रोतांना जबरदस्तीने एकमत करायला लावाल. फ्यूजनच घ्यायचं तर के १० ते ३०, कर्नेलचा गुणक ०.३ ते ०.८, फेऱ्या २०, आणि तेही हवामान काढून, मातीच्या नक्कल ओळी काढूनच.

कर्करोगाच्या बहुस्तरीय जनुकीय डेटावर रॅपोपोर्ट आणि शमीर यांनी २०१८ मध्ये मोठी तुलना केली होती. तिथेही जास्त स्रोत जोडले की निकाल सुधारतोच असं दिसलं नाही.

गटवारी
ज्यांची मृद पत्रिकाच नाही, किंवा पिक्सेल उरले नाहीत, त्या बागांचं काय?

टकळी
सरासरी भरू नका, एवढं पक्कं. सगळ्या रिकाम्या बागांना एकच सरासरी ओळ मिळते, त्या शून्य अंतरावर येतात आणि ‘पत्रिका नसलेल्यांचा’ छान घट्ट क्लस्टर तयार होतो. नेमो नावाची पद्धत आहे, २०१९ ची. दोन बागांमध्ये जे स्रोत दोघींकडे आहेत तेवढ्याच साम्यांची सरासरी घेते. अट एकच: प्रत्येक जोडीत किमान एक स्रोत सामाईक हवा. तुमच्याकडे नोंदवही सगळ्यांची असेल तर अट पुरी होते. नोंदवहीत वय हा आकडा आणि बहार, ठिबक हे प्रकार, म्हणून तिथे दोन्ही चालवून घेणारं गॉवर अंतर. वाण बहुतेक सगळ्यांचा भगवाच असणार, तो कॉलम उडवा.

काळी_माती
तेल्याच्या नोंदी आणि फवारण्यांची संख्या क्लस्टरिंगमध्ये घालू नका. त्या शेवटी तपासायला राखा. तेल्याचं प्रमाण क्लस्टरांमध्ये खरंच वेगळं पडलं तर क्लस्टर कामाचे. आत घातलं तर ते वेगळं पडणारच. फक्त ही तपासणी मंडळाच्या आतल्या आत करा, कारण पावसाचा मारा मंडळागणिक बदलतो आणि तेल्या त्याच्याबरोबर.

मालदांडी
+१. आणि स्थिरता. ८० टक्के बागा यादृच्छिक निवडून शंभर वेळा चालवा, प्रत्येक मूळ क्लस्टरचा नव्या क्लस्टरांपैकी सर्वांत जवळच्याशी जॅकार्ड (सामाईक बागा भागिले दोघांतल्या मिळून एकूण बागा) काढा. सरासरी ०.७५ च्या वर टिकाऊ, ०.६ च्या खाली असेल तर त्या क्लस्टरवर सल्ला लिहू नका. निवड बागेची नाही, मातीच्या नमुन्याची करा. नमुन्याबरोबर त्याच्या सगळ्या बागा आत किंवा सगळ्या बाहेर. नाहीतर जुळी भावंडं दोन्हीकडे पडून स्थिरता फुगते.

सीनाकाठ
शेवटचं. पुढच्या हंगामात नव्या बागा आल्या की त्या कुठल्या क्लस्टरमध्ये टाकायच्या? स्पेक्ट्रलला केंद्रबिंदू नसतो.

भुईकोट
सगळं परत चालवू नका, क्लस्टरांचे नंबर आणि हद्दी दोन्ही सरकतील आणि गेल्या वर्षीचा सल्ला कुणाचा ते कळणार नाही. मिळालेली लेबलं उत्तर धरून तीन पातळ्यांचा निर्णयवृक्ष (एकापाठोपाठ एक प्रश्न विचारून लेबल ठरवणारा) शिकवा. आत फक्त शिवारात विचारता किंवा सहज मिळवता येतील असे कॉलम: मातीची खोली, सामू, झाडांचं वय, बहार, आणि उपग्रहाचे ते पाच आकडे. राखून ठेवलेल्या बागांवर वृक्षाचं लेबल दहापैकी आठ-नऊ वेळा जुळलं तर नव्या बागा त्याच्यावरच टाका. जुळत नसेल तर कुठल्या दोन क्लस्टरांत गल्लत होतेय ते बघा. बहुतेक वेळा तेच दोन जॅकार्डमध्येही डळमळीत निघतात, मग ते एकत्र करून वृक्ष पुन्हा शिकवा.